भुकेल्यांच्या पंगतीतून मैदानाकडे

ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना शाळा, दवाखाने, अनाथाश्रम ह्यांच्या स्थापनेची नोंद आवर्जून केली जाते. फुटबॉल क्लबाची नोंद मात्र क्वचितच कोणी करतो. खेळ हा फावल्या वेळेचा विषय, अशी आपली समजूत असते. वस्तुतः युरोपातील औद्योगिक शहरांत राबणाऱ्या गरीब कॅथलिक कुटुंबांनी आपला आनंद, आपले दुःख आणि आपला स्वाभिमान ज्या मोजक्या ठिकाणी जपून ठेवला, त्यांत चर्च आणि शाळा ह्यांच्या पाठोपाठ फुटबॉलचे मैदान येते. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचा सेल्टिक फुटबॉल क्लब हे त्याचे ठळक उदाहरण होय.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत सायंकाळी मैदानावर न उतरणारा विद्यार्थी विरळाच असे. ह्या क्लबाचे नाव आमच्या कानी प्रथम पडले ते त्याच काळात. एका व्रतस्थ बंधूने उपाशी मुलांना जेवण मिळावे म्हणून फुटबॉलचा संघ काढला, एवढीच गोष्ट तेव्हा कळली होती. पुढे वाचनात जे आले, ते ह्या एका वाक्यापेक्षा फार मोठे, आणि काही ठिकाणी फार क्लेशकारकही होते. आम्ही येथे जो इतिहास सांगणार आहोत, तो चषकांचा कमी आणि पाठीराख्यांचा अधिक आहे. बापाचे बोट धरून मैदानावर गेलेली मुले पुढे बाप होऊन आपल्या मुलांना तेथे कशी घेऊन गेली, आणि त्यांनी वाटेत काय जपले व काय गमावले, त्याचा हा इतिहास आहे.

१८४५ ते १८५२ ह्या काळात आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि तितक्याच माणसांनी देश सोडला. त्यांतील हजारो समुद्र ओलांडून ग्लासगोला आली. शहराच्या पूर्व भागातील कापडाच्या गिरण्या, लोखंडाच्या भट्ट्या आणि गोदी ह्यांना स्वस्त मजूर हवेच होते. स्थानिक समाजाला मात्र हे परधर्मी, कंगाल शेजारी नकोसे वाटत. एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, क्षयाची साथ, दारूचे व्यसन आणि अर्धपोटी मुले हे कॅल्टन, ब्रिजटन, पार्कहेड ह्या वस्त्यांचे नित्याचे चित्र होते.

ह्या वस्त्यांत मॅरिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड शिक्षक म्हणून काम करीत होते. त्यांचे मूळ नाव अँड्र्यू केरिन्स. आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातील बॅलिमोट येथे १८४० साली त्यांचा जन्म झाला. सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक झाल्यावर त्यांना रोज एक गोष्ट दिसत होती. उपाशी मूल शाळेत येत नाही, आणि आले तरी त्याचे धड्यात लक्ष लागत नाही. तेव्हा त्यांनी १८८४ च्या सुमारास गरीब मुलांसाठी जेवणाची पंगत सुरू केली. एका पेनीत गरम जेवण मिळे. ही पेनीची किंमतही विचारपूर्वक ठेवलेली होती. आपण भीक घेतो असे पालकांना वाटू नये, हा त्यामागील हेतू होता. संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या स्थानिक शाखा ह्या कामाचा भार उचलीत. आपल्या धर्मग्रामांत ह्या संस्थेचे सभासद आजही घरोघर जाऊन गरजूंची विचारपूस करतात. त्यांना ह्या भाराची कल्पना सहज येईल. पैसा कधीच पुरत नाही.

पैसा कोठून आणावा, ह्या प्रश्नाचे उत्तर फुटबॉलने दिले. एडिंबरा शहरात १८७५ साली कॅनन एडवर्ड हॅनन ह्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने हायबर्नियन नावाचा आयरिश कॅथलिकांचा क्लब निघाला होता. १८८७ साली त्याने स्कॉटिश चषक जिंकला, तेव्हा ग्लासगोच्या आयरिश वस्त्यांतही जल्लोष झाला. आपणही असा संघ का काढू नये, हा विचार तेथेच बळावला. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी कॅल्टनमधील सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात सभा भरली आणि सेल्टिक क्लबाची स्थापना झाली. ब्रदर वॉलफ्रिड ह्यांच्यासोबत जॉन ग्लास ह्यांच्यासारखे प्रापंचिक कार्यकर्ते होते. सेंट मेरीज, सेक्रेड हार्ट आणि सेंट मायकल्स ह्या तीन धर्मग्रामांतील मुलांच्या पंगतींसाठी निधी उभारणे, हा क्लबाचा मुख्य उद्देश म्हणून जाहीर झाला. ग्लासगोचे आर्चबिशप चार्ल्स आयर ह्यांनीही वर्गणी दिली.

पन्नास पौंड वार्षिक भाड्याने एक जमीन घेण्यात आली आणि तिच्यावर मैदान उभे राहिले ते स्वयंसेवकांच्या श्रमांतून. दिवसभर गिरणीत वा भट्टीवर राबलेली माणसे मैदानाच्या कामाला येत. सहा महिन्यांत मैदान तयार झाले आणि २८ मे १८८८ रोजी तेथे रेंजर्स संघाशी पहिला सामना झाला. सेल्टिकने तो ५–२ असा जिंकला. सामन्यानंतर दोन्ही संघ सेंट मेरीजच्या सभागृहात एकत्र जेवले. पुढे ज्या दोन संघांच्या नावांनी शहर दुभंगले, त्यांची पहिली भेट जेवणाच्या मेजावर संपली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चार वर्षांनी जमीनमालकाने भाडे पन्नासावरून साडेचारशे पौंडांवर नेले. क्लबाने जवळच दुसरी जागा घेतली. जुन्या मैदानाला लागून कबरस्तान होते. त्यामुळे स्मशान सोडून स्वर्गात आलो, असा विनोद रूढ झाला आणि सेल्टिक पार्कला ‘पॅरडाइज’ हे टोपणनाव मिळाले. आज त्या नावातला विनोद विरून केवळ माया उरली आहे.

ह्याच काळात पाठीराख्यांची संघटित परंपरा सुरू झाली. तिचा उगम पाहिला की नवल वाटते. कार्डिनल मॅनिंग ह्यांच्या प्रेरणेने ‘लीग ऑफ द क्रॉस’ ही दारूबंदीची चळवळ धर्मग्रामांत चालत असे. सेंट मेरीज धर्मग्रामातील ह्या चळवळीच्या सभासदांनी १८८९ साली पहिला ‘ब्रेक क्लब’ काढला. ब्रेक म्हणजे वीस-पंचवीस माणसे बसतील अशी उघडी घोडागाडी. दर आठवड्याला थोडी थोडी वर्गणी साठवायची, गाडी भाड्याने घ्यायची, आवडत्या खेळाडूचे चित्र रंगवलेला पडदा तिच्यावर उभारायचा आणि दूरच्या गावी सामना पाहायला जायचे. शनिवारी दुपारी मजुरीचे पैसे घेऊन थेट गुत्त्याकडे वळणारी पावले अशा रीतीने मैदानाकडे वळवता येतील, ही त्यामागील तळमळ होती. ती सर्वस्वी सफल झाली असे म्हणता येत नाही. विसाव्या शतकात ह्याच गाड्यांवरून दंगे झाल्याचीही नोंद आहे. तरीही शेजाऱ्यांनी मिळून काटकसर करायची आणि एकत्र प्रवास करायचा, ही रीत टिकली. घोडे गेले, मोटारबसेस आल्या. १९४४ साली पाठीराख्यांची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली, आणि गल्लीगल्लीतील बसमंडळे हा कुटुंबाच्या आठवड्याचा भागच बनला.

मुलांच्या वाट्याला आलेली एक रीत विशेष गोड आहे. मैदानाच्या फिरत्या फाटकापाशी लहान मुले घोळक्याने उभी असत आणि आत जाणाऱ्या अनोळखी माणसाला, ‘काका, जरा उचलून घ्या ना’ अशा अर्थाची विनवणी करीत. तो माणूस मुलाला उचलून फाटकावरून पलीकडे ठेवी आणि मूल फुकट आत शिरे. फाटकवाल्याला हे दिसत नसे असे नाही. तो काणाडोळा करी. ग्लासगोतील कित्येक वृद्धांची सेल्टिकविषयीची पहिली आठवण गोलाची नसून अशा उचलून घेणाऱ्या हातांची आहे. मैदानाच्या एका बाजूला ‘जंगल’ नावाचा उभ्याने सामना पाहण्याचा कट्टा होता. तेथे कोण कोणाशेजारी उभे राहणार हे वर्षानुवर्षे ठरलेले असे. आजोबांची जागा वडिलांकडे आणि वडिलांची मुलाकडे येई. इंग्लंड-स्कॉटलंडमधील मैदानांवर सर्वांना बसण्याची सोय सक्तीची झाली, तेव्हा १९९३ साली हा कट्टा बंद झाला. त्या दिवशी प्रौढ माणसे रडली, ह्याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही. जुने चर्च पाडून नवे बांधताना आपल्याकडे कोणाचे डोळे ओलावत नाहीत?

पाठीराख्यांच्या प्रेमाची कसोटी पाहणारा प्रसंग ५ सप्टेंबर १९३१ रोजी घडला. सेल्टिकचा गोलरक्षक जॉन थॉमसन अवघा २२ वर्षांचा होता. आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्सविरुद्धच्या सामन्यात समोरून येणाऱ्या सॅम इंग्लिश ह्याच्या पायांवर त्याने झेप घेतली, डोक्याला जबर मार बसला आणि त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. तो जखमी होऊन पडला असताना रेंजर्सच्या काही प्रेक्षकांनी हुर्यो केली, तेव्हा रेंजर्सचाच कर्णधार डेव्ही मिकलजॉन ह्याने हात उंचावून त्यांना गप्प केले. हा निव्वळ अपघात होता, असे चौकशीत ठरले. थॉमसन फाइफ परगण्यातील कार्डेनडेन ह्या खाणकामगारांच्या गावचा. ते मंदीचे दिवस होते. अनेकांना काम नव्हते, गाडीभाडे परवडत नव्हते. अशी कित्येक माणसे ग्लासगोहून सुमारे ५५ मैल चालत त्याच्या अंत्ययात्रेला गेली. त्या लहानशा गावात तीस ते चाळीस हजार लोक जमले. थॉमसन कॅथलिक नव्हता. प्रॉटेस्टंट कुटुंबातील मुलासाठी कॅथलिक कामगार रात्रीचा रस्ता तुडवीत गेले.

हे शक्य झाले, कारण १८९० च्या दशकातच संघातील प्रॉटेस्टंट खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालावी असा प्रस्ताव आला असता क्लबाने तो नाकारला होता. ह्या उदारतेचा एक धागा भारतापर्यंत पोहोचतो. कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. त्या संघाचा मोहम्मद सलीम १९३६ साली स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या भावाकडे गेला. भावाने सेल्टिकचे व्यवस्थापक विली मेली ह्यांना गळ घातली. अनवाणी खेळणारा हिंदी खेळाडू बूट घातलेल्या स्कॉटिश गड्यांपुढे काय टिकणार, असेच कोणालाही वाटले असते. सलीमने पायांना पट्ट्या बांधल्या आणि तो दोन सामने खेळला. गाल्स्टनविरुद्धचा सामना सेल्टिकने ७–१ आणि हॅमिल्टनविरुद्धचा ५–१ असा जिंकला. प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी खाली बसून त्याच्या पायांना पट्ट्या बांधीत आहेत, असे एक छायाचित्र उपलब्ध आहे. साम्राज्याच्या त्या काळात एक गोरा माणूस हिंदी मुसलमानाच्या पायांशी बसलेला पाहून आम्हांस पवित्र गुरुवारचा पाद्यप्रक्षालनाचा विधी आठवल्यावाचून राहत नाही. घरच्या ओढीने सलीम परतला. त्याच्या सन्मानार्थ सामना ठेवून उत्पन्नाचा काही भाग त्याला देऊ केला असता, तो अनाथ मुलांना द्यावा असे त्याने सांगितले, अशी हकीकत आहे. पंगतीची गोष्ट त्याने ऐकली होती की नाही, कोण जाणे. पण तिचा आशय त्याला ठाऊक होता.

कुटुंबांच्या आठवणींत सर्वांत उजळ दिवस आहे २५ मे १९६७. त्या दिवशी लिस्बनजवळच्या राष्ट्रीय मैदानावर सेल्टिकने इटलीच्या इंटर मिलानला २–१ असे हरवून युरोपियन चषक जिंकला. हा मान मिळवणारा तो ब्रिटनमधील पहिला संघ ठरला. त्या संघातील अकराही खेळाडू सेल्टिक पार्कपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. सातव्याच मिनिटाला मॅझोलाने पेनल्टीवर इंटरला आघाडी दिली. उत्तरार्धात टॉमी गेमेल ह्याने बरोबरी साधली आणि शेवटची काही मिनिटे उरली असता स्टीव्ही चाल्मर्स ह्याने निर्णायक गोल केला. व्यवस्थापक जॉक स्टीन प्रॉटेस्टंट कुटुंबातील होते. सेल्टिकचे ते पहिले बिगर-कॅथलिक व्यवस्थापक.

योगायोग असा की तो दिवस ख्रिस्तशरीराच्या सणाचा होता. हजारो पाठीराखे सकाळी लिस्बनच्या चर्चमध्ये मिस्साबलिदानात सहभागी झाले आणि मग मैदानाकडे निघाले. कित्येकजण छोट्या मोटारींतून भाऊ, मेव्हणे, शेजारी ह्यांना कोंबून फ्रान्स आणि स्पेन ओलांडीत आले होते. कोणी वर्षभराची शिल्लक मोडली होती, कोणी सुटी मिळेना म्हणून नोकरीवर पाणी सोडले होते. आनंदाच्या भरात एकजण विमानाने घरी परतला आणि दारात आल्यावर त्याला आठवले की आपण तर मोटारीने गेलो होतो, अशी एक गोष्ट ग्लासगोत अजून हसत हसत सांगतात. कवळी लावणाऱ्या खेळाडूंनी आपल्या कवळ्या गोलरक्षक रॉनी सिम्प्सनच्या टोपीत ठेवल्या होत्या. शिट्टी वाजताच तो प्रथम धावला तो त्या टोपीकडे, हीदेखील तितकीच लाडकी आठवण. विजयी वीरांच्या कवळ्यांची आठवण जपणारा समाज आपल्या वीरांना देव मानीत नाही, घरचे मानतो.

परंतु इतिहास सांगायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९७ साली क्लब मर्यादित कंपनी झाला. ब्रदर वॉलफ्रिड ह्यांची १८९२ सालीच लंडनला बदली झाली होती. तेथेही ते गरीब मुलांमध्ये काम करीत राहिले, आणि १९१५ साली स्कॉटलंडमधील डम्फ्रीज येथे त्यांचे निधन झाले. ते गेल्यानंतर पंगतीसाठी दिली जाणारी मदत आटत गेली. चषक वाढले, नफा वाढला, प्रेक्षक वाढले. १९७० साली लीड्स युनायटेडविरुद्धचा सामना हॅम्पडन पार्कवर १,३६,५०५ लोकांनी पाहिला. मूळ उद्देश मात्र कागदावर राहिला.

त्याहून मोठी हानी द्वेषाने केली. आयरिश कॅथलिकांना नोकऱ्यांत, घरांत वर्षानुवर्षे डावलले गेले, हे खरे. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सर्वसाधारण सभेपुढे १९२३ साली आयरिश लोकांना राष्ट्रावरील संकट ठरवणारा अहवाल आला आणि त्याबद्दलची दिलगिरी २००२ साली व्यक्त झाली. रेंजर्स क्लबाने कित्येक दशके कॅथलिक खेळाडूंना दूर ठेवले. ती प्रथा १९८९ साली ठळकपणे मोडली. पण अन्याय सोसलेल्यांच्या तोंडीही हळूहळू द्वेषाची गाणी आली. बापाने मुलाला क्लबाचे प्रेम दिले, तसा कधी कधी शत्रूही वारसा म्हणून दिला. १९९५ साली सामना पाहून घरी परतणारा सोळा वर्षांचा एक मुलगा केवळ सेल्टिकचा पाठीराखा म्हणून रस्त्यावर मारला गेला. त्याच्या शाळासोबतीणीने पुढे ह्या द्वेषाविरुद्ध मोहीम उभारली. आणखी एक जखम आहे. सेल्टिक बॉईज क्लब ह्या मुलांच्या संघाच्या संस्थापकास मुलांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये न्यायालयाने शिक्षा ठोठावली. मुलांच्या भुकेपोटी जन्मलेल्या नावाच्या छायेत मुलांचेच रक्षण झाले नाही. आपल्या धर्मसभेलाही ह्याच प्रकारच्या पापांसाठी मान खाली घालावी लागली आहे. तेव्हा धर्मगुरू म्हणून हे वाक्य लिहिणे आम्हांस सोपे गेलेले नाही. पण ते वगळून गोड आठवणी लिहिणे अधिक वाईट ठरले असते.

शहाणपणाची उदाहरणेही आहेत. २ जानेवारी १९७१ रोजी आयब्रॉक्सवरील सेल्टिक-रेंजर्स सामन्यानंतर जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जण मृत्युमुखी पडले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मृतांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी दोन्ही क्लबांचे खेळाडू एकाच संघातून स्कॉटलंडच्या संघाविरुद्ध खेळले. ज्यांना एकत्र उभे राहणे अशक्य वाटत होते, ते ८१ हजारांवर लोक एकाच बाजूने टाळ्या वाजवीत होते.

१९९४ साली क्लब दिवाळखोरीच्या कड्यावर उभा होता. फर्गस मॅककॅन ह्या उद्योजकाने तो ताब्यात घेतला आणि पुढील वर्षी भाग विक्रीस काढले. तेव्हा दहा हजारांहून अधिक सामान्य पाठीराख्यांनी ते विकत घेतले. त्यांतून साठ हजार आसनांचे नवे मैदान उभे राहिले. त्याच सुमारास क्लबाने धर्मादाय निधी पुन्हा सुरू केला. २००३ साली सेव्हिल येथे यूएफा चषकाच्या अंतिम सामन्यासाठी सुमारे ८०,००० पाठीराखे गेले. बहुतेकांपाशी तिकीटही नव्हते. सेल्टिक पोर्तोकडून ३–२ असा हरला, पण त्या पाठीराख्यांच्या वर्तनाबद्दल फिफाने त्यांना सद्भावनेचा पुरस्कार दिला. २००५ साली पाठीराख्यांच्या वर्गणीतून ब्रदर वॉलफ्रिड ह्यांचा पुतळा सेल्टिक पार्कबाहेर उभा राहिला. अलीकडच्या वर्षांत पाठीराख्यांचा एक गट सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर अन्नपेढीसाठी डबाबंद पदार्थ आणि शिधा गोळा करतो. संचालकांच्या सभेत जे शंभर वर्षे विसरले गेले, ते घराघरांतील गोष्टींत शिल्लक होते. आजीने नातवाला सांगितलेल्या कहाणीत ती पेनीची पंगत जिवंत राहिली, म्हणूनच ती पुन्हा मांडता आली.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतही सणासुदीला फुटबॉलचे सामने भरतात. पेठापेठांचे संघ उतरतात, ध्वनिक्षेपक लागतात, बक्षिसाची रक्कम दरवर्षी वाढते. वडील मुलाला खांद्यावर घेऊन सामना दाखवतात. हा आनंद निर्मळ आहे आणि तो टिकावा, असेच आम्हांस वाटते. येत्या हंगामात संयोजकांनी हिशेबाच्या वहीत बक्षीस, मांडव आणि ध्वनिक्षेपक ह्यांच्या ओळींखाली आणखी एक ओळ आखावी आणि ती संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांकडून भरून घ्यावी. आपल्या धर्मग्रामात कोणते मूल उपाशी शाळेत जाते, हे त्यांना नेमके ठाऊक असते.